सदोष सॉफ्टवेअर आणि बाजारातील घाई : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके इतिहासाच्या अभ्यासकांना नाणेघाट, शिवनेरी, लेण्याद्री किंवा डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेले जुने आंबेगाव यांमुळे परिचित आहेत. संगणकाच्या इतिहासाशी या परिसराचा संबंध सहसा जोडला जात नाही. तथापि गेल्या तीन दशकांत येथे सॉफ्टवेअरचे दोन अगदी भिन्न अनुभव आले. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जगातील एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली आणि तिचे काम उत्तरोत्तर सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू लागले. दुसरीकडे, २०१७ मध्ये राज्य शासनाच्या कर्जमाफी योजनेसाठी घाईने उभारलेल्या संगणक प्रणालीपुढे राज्यभरातील शेतकऱ्यांप्रमाणे येथील शेतकऱ्यांनाही रांगा लावाव्या लागल्या.

सॉफ्टवेअर कंपन्या दोष शिल्लक असतानाच आपले उत्पादन बाजारात का आणतात, हा प्रश्न जगभर विचारला जातो. अभियंत्यांची निष्काळजी किंवा मालकांचा लोभ ही त्याची नेहमीची उत्तरे होत. ती पूर्णतः चुकीची नसली तरी अपुरी आहेत. प्रस्तुत लेखात या घाईची ऐतिहासिक कारणे तपासली असून पुढील प्रतिपादन केले आहे : उत्पादनाची तारीख ठरवणारा एक आणि त्यातील चुकीची किंमत मोजणारा दुसरा, अशी स्थिती जेथे निर्माण होते तेथे सदोष सॉफ्टवेअर वेळेआधी बाहेर पडते. हे अंतर जेथे कमी होते तेथे तीच माणसे, तेच तंत्र वापरून, थांबण्यास तयार होतात.

सॉफ्टवेअर विक्रीयोग्य माल कसे झाले?

संगणकाच्या प्रारंभीच्या काळात सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू नव्हती. यंत्र विकत अथवा भाड्याने घेणाऱ्यास आज्ञावली यंत्रासोबतच मिळत असे. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा तिच्यासाठी लागणारी ‘ओएस ३६०’ ही कार्यप्रणाली तयार व्हावयाची होती. शेकडो माणसे कामाला लावूनही ती उशिरा आणि अनेक दोषांसह ग्राहकांपर्यंत पोहोचली. या कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ लिहून या अनुभवाची चिकित्सा केली. आधीच रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे नेमल्यास ते अधिकच रेंगाळते, हा त्यांचा निष्कर्ष आजही शिकवला जातो. दरम्यान १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअरचे संकट’ या शब्दांत या समस्येची चर्चा झाली होती.

२३ जून १९६९ रोजी आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्राच्या किमतीपासून वेगळी करण्याचा निर्णय जाहीर केला. स्वतंत्र सॉफ्टवेअर उद्योगाच्या वाढीत हा निर्णय महत्त्वाचा मानला जातो. वेगळी किंमत आली तसे वेगळे स्पर्धक आले आणि स्पर्धेबरोबर तारखेला महत्त्व आले. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज’ची घोषणा नोव्हेंबर १९८३ मध्ये केली, परंतु पहिली आवृत्ती हाती पडली ती नोव्हेंबर १९८५ मध्ये. अशा आगाऊ घोषणेचा व्यापारी उपयोग उघड आहे. ग्राहक दुसऱ्याचा माल घेण्याऐवजी वाट पाहत राहतो.

पुढे इंटरनेटने या घाईला नवे साधन दिले. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरच्या प्रायोगिक, म्हणजेच ‘बीटा’, आवृत्त्या इंटरनेटवरून सर्वांना खुल्या केल्या. पूर्वी चाचणी हे कंपनीच्या भिंतीआड, पगारी माणसांकडून होणारे काम होते. आता त्यातील मोठा वाटा वापरकर्त्यांकडे गेला.

घाईमागील आर्थिक कारणे

या घाईचे स्वरूप समजण्यासाठी नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे उदाहरण उपयुक्त ठरते. जुन्नर आणि आंबेगावातील टोमॅटो उत्पादक लांबच्या बाजारपेठेसाठी माल पूर्ण लाल होण्याची वाट पाहत नाही. अर्धवट रंग धरलेला माल तोडून तो क्रेटमध्ये भरतो, कारण पूर्ण पिकलेला माल वाटेतच खराब होईल. शिवाय आवक वाढण्यापूर्वी बाजारात पोहोचलेल्यास चांगला भाव मिळण्याची शक्यता असते. सॉफ्टवेअर नासत नाही, पण त्याची संधी नासते. ज्या प्रणालीवर पहिले लाखभर ग्राहक आपली कागदपत्रे, सवयी आणि व्यवहार नेऊन ठेवतात, तिच्याकडेच पुढील ग्राहक वळतात. नंतर आलेले उत्पादन अधिक निर्दोष असले तरी लोकांना जुने सोडणे महाग पडते. म्हणून लवकर येणे हे चांगले असण्यापेक्षा अधिक फायद्याचे ठरते.

मात्र हे साम्य येथेच संपते. नारायणगावच्या बाजारात व्यापारी क्रेट उघडतो, माल हाताळतो आणि मगच भाव बोलतो. सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला ही सोय नसते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, ग्राहकाला मालाचा दर्जा ओळखता येत नसेल तर चांगल्या मालाला योग्य किंमत मिळत नाही आणि असा माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. केंब्रिज येथील रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये हाच विचार संगणक सुरक्षेला लावला. सहा महिने अधिक चाचणी केल्याचे ग्राहकाला दिसत नाही, सहा महिने झालेला उशीर मात्र दिसतो. अशा बाजारात चाचणीवर खर्च करणारी कंपनी स्वतःचेच नुकसान करून घेते.

दुसरे कारण दुरुस्तीच्या खर्चाशी निगडित आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक आढळली. कंपनीने प्रारंभी ती किरकोळ ठरवली, परंतु टीका वाढल्यावर मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यासाठी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा आपल्या हिशेबात दाखवला. येथे चूक सिलिकॉनमध्ये कोरलेली असल्याने ती दुरुस्त करणे म्हणजे वस्तूच बदलून देणे होते. सॉफ्टवेअरमधील चूक इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवून काढता येते आणि त्या दुरुस्तीची एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. ‘आधी विका, मग सुधारा’ हे धोरण त्यामुळे परवडते.

तिसरे कारण कायद्यातील आहे. सॉफ्टवेअर वापरण्यापूर्वी ज्या परवान्याला संमती द्यावी लागते, त्यात दोषांमुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी कंपनी बहुधा नाकारते. भारतात ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हे विक्रीकरासाठी ‘माल’ ठरवले. कर आकारणीत जे माल ठरले, त्याला इतर मालाइतकी दोषाची जबाबदारी मात्र व्यवहारात क्वचितच चिकटली.

किंमत कंपनीवर उलटली तर तिचे वर्तन बदलते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. २००१ मध्ये ‘कोड रेड’ आणि ‘निम्डा’ या घातक आज्ञावलींनी मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींतील त्रुटींचा फायदा घेतला आणि मोठे ग्राहक अस्वस्थ झाले. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी सुरक्षिततेला नव्या सुविधांपेक्षा अग्रक्रम देण्याचे पत्र कर्मचाऱ्यांना पाठवले आणि त्यानंतर विंडोजचे विकासकाम काही काळ थांबवून अभियंत्यांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्यात आले. थांबणे अशक्य नव्हते. तोपर्यंत ते फायद्याचे नव्हते, इतकेच.

खोडद : जोखीम वाटून घेण्याची पद्धत

दोष शिल्लक असलेली प्रणाली वापरास देणे हे प्रत्येक वेळी गैरच असते, असे मात्र नाही. याचे उदाहरण खोडद येथे मिळते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात येथे विशाल मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून उरलेल्या १६ तीन भुजांच्या रूपाने आसपासच्या शिवारांत सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत. ऑक्टोबर २००१ मध्ये ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली आणि २००२ पासून जगभरातील संशोधकांना खुली झाली.

सर्व तबकड्यांकडून येणाऱ्या संकेतांचा मेळ घालण्याचे काम आरंभी खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होते. २०१० च्या सुमारास ते सामान्य संगणकांच्या समूहावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवण्यात आले. पुढील दशकात दुर्बिणीचा मोठा विस्तार झाला आणि एका वेळी टिपता येणारा लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढला. हा विस्तार टप्प्याटप्प्याने करण्यात आला. नवी यंत्रणा पूर्णत्वास जाण्यापूर्वीच संशोधकांना वापरण्यास मिळाली, पण ‘जोखीम वाटून घेण्याच्या’ स्पष्ट अटीवर. ही यंत्रणा अद्याप तपासली जात आहे आणि निरीक्षण वाया जाऊ शकते, हे वापरणाऱ्यास आधी ठाऊक असे. जुनी यंत्रणाही त्याच काळात चालू ठेवलेली होती.

बाजारातील ‘बीटा’ आवृत्ती आणि खोडदची ही पद्धत वरवर सारख्या दिसतात. खोडदमध्ये मात्र तीन गोष्टी एकत्र होत्या : अपुरेपणाची उघड कबुली, नकार देण्याची मोकळीक आणि माघारी फिरण्यास जुनी वाट. शिवाय प्रणाली बनवणारे आणि वापरणारे एकाच ज्ञानशाखेचे असल्याने दोषाची झळ दोघांनाही लागत होती. अशा स्थितीत अपुरी प्रणाली लवकर बाहेर आणणे हा शिकण्याचा मार्ग ठरतो.

२०१७ : तारीख आधी, प्रणाली नंतर

या तिन्ही गोष्टी नसल्या म्हणजे काय होते, हे २०१७ च्या कर्जमाफीने दाखवले. १ जून २०१७ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील पुणतांबा येथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. २४ जून रोजी शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. ८९ लाख शेतकरी आणि ३४,०२२ कोटी रुपये असा तिचा आवाका सांगण्यात आला. अपात्र व्यक्तींना लाभ मिळू नये म्हणून ऑनलाइन अर्ज अनिवार्य करण्यात आला. हा हेतू रास्त होता. परंतु योजनेच्या घोषणेनंतर अवघ्या महिन्याभरात, जुलैच्या अखेरीस, अर्ज भरण्यास प्रारंभही झाला.

अर्ज भरण्यासाठी शेतकऱ्याला आधार क्रमांक, कर्जखात्याचा तपशील आणि कुटुंबाची माहिती घेऊन सेवा केंद्र गाठावे लागे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला घेणाऱ्या जुन्नरच्या पूर्व भागात ही केंद्रे तुलनेने जवळ होती. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ आदिवासी पट्ट्यात मात्र रस्ते, वीज आणि मोबाइलचे जाळे यांची स्थिती वेगळी आहे. तेथे ऐन भातलावणीच्या दिवसांत अर्जासाठी घालवलेला दिवस हा बुडालेला दिवस होता. सर्व्हर बंद पडल्यास तो दिवस कोणाच्याही हिशेबात जमा होत नव्हता.

अर्जांची मुदत सप्टेंबरमध्ये वाढवून संपवण्यात आली आणि १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, समारंभपूर्वक कर्जमाफीची प्रमाणपत्रे देण्यात आली. त्यानंतर लगेच याद्यांतील विसंगती उघड झाल्या. अर्जातील आणि बँकांनी दिलेली माहिती जुळत नव्हती, तर काही ठिकाणी एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे दिसत होता. पडताळणी पुन्हा करावी लागली आणि रकमा टप्प्याटप्प्याने पुढील काळात जमा होत गेल्या. तोवर विकास कार्यकारी सोसायटीचा थकबाकीदार हा थकबाकीदारच राहिला. थकीत सभासदाला नवे पीककर्ज मिळणे कठीण असते. रब्बीच्या बियाण्यासाठी मग त्याला सावकाराचे दार दिसते. सॉफ्टवेअरमधील दोषाची खरी किंमत ती हीच.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. लाखो उत्तरपत्रिकांचे काम पुरेशा पूर्वतयारीविना एकदम नव्या प्रणालीवर गेले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. विद्यार्थ्यांच्या हुकलेल्या प्रवेशांची भरपाई मात्र कोणी करू शकले नाही. ७ जून २०२१ रोजी सुरू झालेल्या प्राप्तिकर विभागाच्या नव्या संकेतस्थळाचा अनुभव बहुतेक प्राध्यापकांना ज्ञात आहे. ते उभारणाऱ्या इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना २३ ऑगस्ट रोजी अर्थमंत्र्यांनी पाचारण केले आणि विवरणपत्राची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

या तिन्ही प्रसंगांत पैसे देणारा ग्राहक एक आणि वापरणारा दुसरा होता. कंपनीचा करार शासनाशी किंवा विद्यापीठाशी होता, शेतकऱ्याशी किंवा विद्यार्थ्याशी नव्हता. खुल्या बाजारात ग्राहक निदान दुसरे दुकान शोधू शकतो. येथे तोही मार्ग बंद होता. तारीख सणाने, शैक्षणिक वर्षाने किंवा घोषणेने ठरलेली होती आणि कंपनीने ‘अजून तयारी नाही’ असे सांगण्यात तिचा काही लाभ नव्हता.

२०२० : जुन्या दफ्तराची शिकवण

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत याहून निराळी रीत अवलंबण्यात आली. शेतकऱ्यांकडून अर्ज न मागवता बँकांनी कर्जखात्यांची माहिती भरली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी प्रसिद्ध झाली ती केवळ ६८ गावांची आणि १५,३५८ शेतकऱ्यांची. प्रत्येक जिल्ह्यातील दोन गावे त्यासाठी निवडली होती. यादी गावात लावली जाई, शेतकरी आपली रक्कम पाहून आधार प्रमाणीकरण करी आणि मान्य नसल्यास तक्रार नोंदवी. या चाचणीनंतरच मोठ्या याद्या निघाल्या. मार्च २०२० मधील टाळेबंदीने प्रमाणीकरणात खंड पडला आणि नियमित कर्जफेड करणाऱ्यांना प्रोत्साहनपर रकमेसाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले. तरीही २०१७ मधील गोंधळाची त्या प्रमाणावर पुनरावृत्ती झाली नाही.

आधी यादी लावा, हरकत ऐका आणि मग नोंद पक्की करा, ही रीत महसूल दफ्तराला नवी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद घेतल्यावर तिची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस ठेवून मगच नोंद प्रमाणित होते. कलम १५५ लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद करते. या पद्धतीत दिरंगाई आणि गैरव्यवहार झाले नाहीत असे नाही. पण चूक होणारच, ती भोगणाऱ्यालाच सर्वप्रथम दिसेल आणि म्हणून त्याला बोलण्यास मुदत दिली पाहिजे, हे गृहीतक तिच्या मुळाशी आहे. २०१७ च्या प्रणालीने कागदाबरोबर हे गृहीतकही बाजूला सारले. २०२० मध्ये ते परत आले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, सदोष सॉफ्टवेअर बाजारात येण्याचे मूळ तंत्राच्या अपुरेपणापेक्षा खर्चाच्या वाटपात आहे. पूर्णतः निर्दोष सॉफ्टवेअर बनवणे अशक्यप्राय असले तरी किती दोष शिल्लक असताना बाहेर पडायचे, हा निर्णय आर्थिक असतो. दुसरा, लवकर येण्याचा लाभ, दर्जा न दिसणे, दुरुस्तीचा नगण्य खर्च आणि जबाबदारी नाकारणारे परवाने ही चार कारणे एकमेकांना बळ देतात. तिसरा, सार्वजनिक योजनांत तारीख शासन ठरवते आणि झळ नागरिकाला पोहोचते, म्हणून तेथील घाई अधिक घातक ठरते.

कायदा आता या दिशेने सरकत आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाद्वारे उत्पादन दायित्वाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचा स्पष्ट समावेश केला. भारतात २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सॉफ्टवेअरपर्यंत त्याची पोहोच कितपत राहील, हे पुढील न्यायनिवाड्यांवर अवलंबून आहे. तोपर्यंत सार्वजनिक प्रणालींच्या करारांत तरी तीन अटी घालणे शक्य आहे : दोन-चार गावांत पूर्वचाचणी, जुनी पद्धत काही काळ समांतर चालू ठेवणे आणि प्रणालीच्या दोषामुळे मुदत हुकल्यास तिचा भार नागरिकावर न टाकणे. पहिली अट २०२० च्या यादीने पाळली आणि दुसरी खोडदच्या शास्त्रज्ञांनी. तिसरी अट पाळली गेली असती, तर २०१७ च्या रब्बीत सोसायटीच्या वहीत थकबाकीदार राहिलेल्या सभासदाला पीककर्ज नाकारले गेले नसते.